आधी गाव, मग नाव

आंध्रातलं गुत्ती हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरचं जुनं जंक्शन. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक मोठा, केसाळ कोळी सापडला. नमुना लंडनला पोचला आणि ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनल्ड इन्स पोकॉक यांनी 1899 साली त्याचं वर्णन छापलं. अंगावरच्या धातूसारख्या निळ्या झाकेमुळे नाव ठेवलं पीसिलोथेरिया मेटॅलिका. नमुना एकच होता. पुढे जवळपास शंभर वर्षं हा कोळी कुणाच्याच नोंदीत आला नाही. 2001 साली तो पुन्हा सापडला, पण गुत्तीत नव्हे. गुत्तीपासून सुमारे 100 किलोमीटर दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो राहत होता. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा हा प्राणी बहुधा एखाद्या ओंडक्यात बसून मालगाडीने वखारीत उतरला असावा. आज जगभरचे टॅरंटुला पाळणारे त्याला ‘गुटी सफायर’ म्हणतात. ज्या गावात तो कधी राहिलाच नसावा, त्या गावाचं नाव त्याच्या डबीवर कायमचं चिकटलं आहे.

या गोष्टीतून बहुतेकांना चुकीची चिठ्ठी दिसते. मला त्यात एक चांगली चिठ्ठीही दिसते. नोंद करणाऱ्याने नुसतं ‘गुत्ती’ लिहिलं असतं, तर शोधणारे गुत्तीच्या खडकाळ टेकड्यांतच फिरत राहिले असते. पण ‘लाकूडवखारीत’ हा तपशील टिकला. वखार म्हटलं की लाकूड बाहेरून आलेलं, हे कुणालाही कळतं. त्या एका शब्दाने शंभर वर्षांनंतरच्या माणसाला सांगितलं की हे गाव प्राण्याचं घर नाही, नुसतं उतरण्याचं ठिकाण आहे. पाळीव टॅरंटुलाच्या डबीवर काय लिहावं, याविषयी मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका शब्दात आहे. जातीचं नाव लेबलवर शेवटी यावं. आधी यावं प्राणी कुठून आला ते, मग कधी आला, कुणाकडून आला आणि जे नाव लिहितो आहोत ते कशाच्या आधारावर. आज डब्यांवर याच्या उलट चालतं. ठळक अक्षरांत लॅटिन नाव असतं आणि बाकी सगळी जागा कोरी.

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला हाच प्रश्न दगडांच्या रूपाने उभा आहे. गावाजवळ केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आहे, बाह्यभिंतींवर शिल्पांची गर्दी असलेलं. आणि गावात किल्ला आहे, ज्याच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड सरळ बांधकामाचा दगड म्हणून बसवलेले दिसतात. मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्तीविषयी जाणकार बरंच सांगू शकतो, कारण ती कुठल्या दिशेला आहे, शेजारी कोण आहे, वरच्या थरात काय आहे हे सगळं जागच्या जागी आहे. तटातल्या दगडावरची मूर्ती तितकीच सुबक असू शकते. तिची वेशभूषा पाहून शतक सांगता येईल, हातातली आयुधं पाहून देवतेचं नावही सांगता येईल. पण ती कोणत्या मंदिराची, कोणत्या कोनाड्यातली, हे सांगणारा धागा तुटलेला आहे. नाव कळूनही ओळख अपुरी राहते ती अशी. तट बांधणाऱ्यांना त्या धाग्याशी कर्तव्य नव्हतं, आणि त्यांना दोष देऊन आता काही मिळणार नाही. पण आपण आज डोळ्यांदेखत, आपल्याच हातांनी, जिवंत प्राण्यांच्या बाबतीत तोच धागा तोडत आहोत आणि त्याला छंद म्हणत आहोत.

समजा, मृगाचा पाऊस झाला आहे आणि धर्मापुरीत एखाद्याच्या ओसरीवर रात्री तळहाताएवढा केसाळ कोळी चालत आला. हे अगदी शक्य आहे. बिळात राहणाऱ्या टॅरंटुलाचे प्रौढ नर पावसाळ्यात मादीच्या शोधात बाहेर पडतात आणि भटकत घरात शिरतात. बहुतेक वेळा चपलेचा एक फटका बसतो आणि प्रकरण संपतं. आता मात्र आधी मोबाइल निघतो. फोटो गटावर जातो आणि पाच मिनिटांत चार नावं येतात. एक जण कायलोब्रेकिस म्हणतो, दुसरा पीसिलोथेरिया, तिसरा कुठल्यातरी मेक्सिकन कोळ्याचं नाव देतो, आणि चौथा ‘अतिविषारी, लगेच मारा’ एवढंच. फोटोतला प्राणी पुष्कळदा टॅरंटुला नसतोच. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात रात्री दिव्याखाली धावणारा पिवळट, लांब पायांचा, पुढे दोन जाड जबड्यांच्या चिमट्यांचा जो प्राणी दिसतो, तो सन स्पायडर. तो कोळ्यांच्या गणातलाही नाही आणि त्याला विषग्रंथीही नसतात. असं असताना पाच मिनिटांत आलेलं नाव कुणीतरी जपून ठेवतो, फोटोखाली लिहितो, आणि पुढच्या वर्षी तेच नाव ‘आमच्या भागात हा कोळी आहे’ याचा पुरावा होतं.

प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा याहून पुष्कळ आखूड असतं: कुल थेराफोसिडी, प्रौढ नर, धर्मापुरी, जूनचा दुसरा आठवडा. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत बोलायचं तर कुलापर्यंत ओळख पटली, प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) पटली नाही. यात कमीपणा काही नाही. या कुलात जगभर एक हजाराहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या कित्येक वरून पाहिल्यावर तपकिरी, केसाळ आणि सारख्याच दिसतात.

मग त्या ओळखायच्या कशा? इथे जरा जवळ जाऊन पाहायला हवं. टॅरंटुला वाढताना कात टाकतो, आणि ती कात हा पाळणाऱ्याच्या हाती आलेला सगळ्यात मोलाचा कागद असतो. वाळलेली कात चुरगळलेल्या पानासारखी असते, ओढली तर तुटते. ती कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून भिजवायची. मऊ झाली की पोटाकडचा भाग, जो कागदासारखा पातळ असतो, तो ब्रशने हळूच उलगडायचा. आतल्या बाजूला चार पांढुरके ठिपके दिसतात. ती पुस्तक-फुप्फुसांची अस्तरं. पुढच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, पोटाच्या घडीला लागून, मादीचा शुक्रकोष असतो. कधी तो एका पसरट झडपेसारखा असतो, कधी दोन बोटांसारखा, कधी टोकाला गोळा असलेला. त्या आकारावरून नुसती मादी आहे एवढंच कळत नाही, पुष्कळदा ती कोणत्या जातीची असू शकत नाही हेही कळतं. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकाला असलेला कंद पाहावा लागतो. भारतातल्या कित्येक टॅरंटुलांच्या बाबतीत जबड्याच्या आणि स्पर्शपादाच्या तळाशी असलेले, एकमेकांवर घासून आवाज काढणारे बारीक काटे किती, कसे रचलेले आणि कुठे आहेत हे मोजावं लागतं. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. घरच्या मेजावर भिंग घेऊन यातलं थोडंफार जमतं, सगळं नाही. म्हणूनच माझं म्हणणं असं की कात फेकू नका. कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख आणि डबीचा क्रमांक घाला. आज तुम्हाला नाव सांगता आलं नाही तरी दहा वर्षांनी दुसरं कुणी सांगेल, आणि त्यासाठी प्राणी मारावा लागणार नाही.

काही कोळी मात्र फोटोवरूनही बऱ्यापैकी ओळखता येतात, फक्त फोटो खालून हवा. पीसिलोथेरिया या झाडावर राहणाऱ्या प्रजातीत पायांच्या खालच्या बाजूचे पिवळे-काळे पट्टे जातीगणिक बदलतात. सह्याद्रीत आढळणाऱ्या पीसिलोथेरिया रेगॅलिसच्या पोटाखाली फिकट गुलाबीसर आडवा पट्टा असतो, आणि त्यावरून तो आपल्या भावंडांतून वेगळा काढता येतो. हे माहीत असलेला माणूस कोळ्याला काचेवर चढू देतो आणि पलीकडून फोटो घेतो. माहीत नसलेला पाठीवरची सुंदर नक्षी टिपतो, जी बहुतेक सगळ्यांच्या पाठीवर थोड्याफार फरकाने तशीच असते.

पण बाजारात विकली जातात ती बहुतांशी पिल्लं. पाळणारे त्यांना स्लिंग म्हणतात. अंड्यातून निघाल्यावर काही महिने ही पिल्लं बोटाच्या नखावर मावतील एवढी असतात आणि बहुतेकांना ना धड रंग असतो ना नक्षी. या वयात माणूस कितीही निष्णात असला तरी नुसतं पाहून सहसा जात सांगू शकत नाही. तेव्हा लेबल म्हणजे ओळख नव्हे, ती केवळ पाठवणाऱ्याची साक्ष असते. जुलै 2021 मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. आत थर्माकोलच्या पेटीत चंदेरी फॉइल आणि कापसात गुंडाळलेल्या 107 छोट्या प्लास्टिक कुप्या होत्या, आणि प्रत्येकीत एक जिवंत कोळी. प्राणिसर्वेक्षण विभागाच्या आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाच्या तज्ज्ञांनी ते पाहिले. बातम्यांत ओळख प्रजातीपर्यंतच आली, तीही ‘असावेत’ अशा भाषेत, आणि तेच योग्य होतं. त्या बातम्यांत एका प्रजातीचं नाव ‘फोनोपेल्मा’ असं छापून आलं. अभिप्रेत होतं ते बहुधा अफोनोपेल्मा, जे नाव पोकॉक यांनीच 1901 साली दिलं होतं. पहिलं अक्षर वाटेत गळालं आणि गळालेलं नाव देशभर फिरलं. डबीवरची नावं अशीच बदलतात. कुणी मुद्दाम खोटं लिहितंच असं नाही. एक जण दुसऱ्याच्या हस्ताक्षरावरून उतरवतो, दुसरा तिसऱ्याच्या फोनवरून ऐकतो, आणि शेवटच्या डबीवर जे येतं ते छापील असल्यामुळे खरं वाटतं.

याचा सगळ्यात मोठा दाखला जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध पाळीव टॅरंटुलाचा आहे. गुडघ्यांवर नारिंगी-लाल पट्टे असलेला मेक्सिकन रेड नी कित्येक दशकं ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला गेला. पुस्तकांत, प्रदर्शनांत, प्राणिसंग्रहालयांत, सगळीकडे हेच नाव. 2017 साली मेंडोझा आणि फ्रँके या संशोधकांनी या गटाचा नीट अभ्यास केला, तेव्हा दिसलं की बाजारातले बहुतेक कोळी स्मिथी नव्हतेच; ते ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या दुसऱ्या जातीचे होते. या दोन जाती मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत वेगवेगळ्या भागांत राहतात. ज्यांच्याकडे आपला कोळी कोणत्या राज्यातल्या कोळ्यांच्या वंशातला याची नोंद होती, त्यांना नवं नाव लिहायला अर्धं मिनिट पुरलं. ज्यांच्याकडे नुसतं नाव होतं, त्यांच्याकडे त्या दिवसापासून काहीच उरलं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: शास्त्रज्ञच दर दहा वर्षांनी नावं बदलतात, तर आम्ही कशाला डोकं शिणवायचं? आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. नावं बदलतात म्हणूनच नावाखालची नोंद पक्की हवी. सातबारावर मालकाचं नाव बदलतं, पण गट नंबर आणि फेरफार जागेवर राहतात, आणि भांडण सुटतं ते त्यांच्यावरून. कोकणातल्या लाल विंचवाचंच पाहा. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे आणि महाडला रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि 1986 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्या विंचवाचं शास्त्रीय नाव दोनदा तरी वेगळ्या प्रजातीत गेलं: ब्युथस, मग मेसोब्युथस, आता हॉटेन्टोटा. तरी ते काम आजही तसंच्या तसं वापरता येतं. कारण कोणता विंचू, कुठला, चावल्यावर काय होतं, हे सगळं नोंदलेलं होतं, आणि रुग्णाचे नातेवाईकही ‘लाल’ की ‘काळा’ हे बिनचूक सांगू शकत होते. जिथे जीव पणाला लागतो तिथे माणसं आपोआप नेमकं बोलतात.

टॅरंटुलाच्या बाबतीत माणसाचा जीव सहसा पणाला लागत नाही, पण शरीर लागतं. अमेरिका खंडातले पुष्कळसे टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस उडवतात आणि त्यांचा दंश तुलनेने सौम्य असतो. आपल्या बाजूच्या, आशियातल्या टॅरंटुलांकडे ते केस नसतात. त्यांचा भरवसा चपळाईवर आणि विषावर. पीसिलोथेरियाच्या दंशानंतर स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू किंवा परतू शकतात, हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. दवाखान्यात गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘काय चावलं’ हाच विचारला जाणार. त्या वेळी डबीवरचं चुकीचं नाव कोऱ्या डबीपेक्षा वाईट, कारण कोऱ्या डबीसमोर डॉक्टर सावध राहतो. कोळ्याच्या दृष्टीनेही तेच. झाडावर राहणाऱ्याला उंच डबा आणि साल हवी, बिळात राहणाऱ्याला हातभर खोल माती. बिळातल्या जड कोळ्याला उंच काचेच्या डब्यात ठेवलं आणि तो वरून पडला तर पोट फुटून मरतो. लेबल वाचून डबा निवडणाऱ्याला मग आपलं काय चुकलं तेही कळत नाही.

आणि तरीही मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जोडी लावण्याची. ब्रॅकिपेल्मासारख्या कोळ्याची मादी पंचवीस वर्षांहून अधिक जगू शकते. नर प्रौढ झाल्यावर फार टिकत नाही. त्यामुळे मादीच्या मालकाला नर उसना आणावा लागतो, आणि तो आणताना हातात असतं ते फक्त दोन डब्यांवरचं नाव. दोन्हीकडे तेच नाव दिसलं की जोडी लागते. दोन्ही नावं चुकीची असतील, किंवा एक बरोबर आणि एक चुकीचं असेल, तर जवळच्या जातींच्या संकरातून निघालेली शेकडो पिल्लं एकाच अंडीपिशवीतून बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या डबीवर तेच नाव चढतं. एक चुकीचं लेबल एका हंगामात शेकडो चुकीची लेबलं होतात, आणि पुढच्या पिढीत ती निस्तरणं कुणाच्याच हातात राहत नाही. छंदातले चांगले लोक एक युक्तिवाद करतात आणि तो मला मनापासून पटतो: घरात वाढवलेला कोळी विकत मिळाला तर जंगलातला कोळी वाचतो. पण तो युक्तिवाद टिकतो तो वंशावळ ठाऊक असेल तरच. ज्यांचं मूळ माहीत नाही अशा लाखभर कोळ्यांचा एखाद्या संकटात सापडलेल्या जातीला काडीचा उपयोग नाही. मेटॅलिकाचं उदाहरण पुन्हा डोळ्यांसमोर येतं. निसर्गसंवर्धनाच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2008 साली त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. त्याचं रानातलं घर फार लहान आहे आणि तोडीने आणखी लहान होत आहे. जगभर घराघरांत मात्र तो भरपूर आहे. उद्या त्या जंगलाला या घरांतून काही परत द्यायची वेळ आली, तर कोणत्या डबीवर विश्वास ठेवायचा?

बाजार विज्ञानाच्या किती पुढे धावतो ते 2022 च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. जगभरच्या विक्रीच्या जाहिराती धुंडाळून त्या संशोधकांना कोळी-विंचू वर्गातल्या 1,264 जाती व्यापारात आढळल्या; व्यापारातल्या प्राण्यांपैकी सुमारे 67 टक्के थेट निसर्गातून पकडलेले. टॅरंटुलाच्या ज्ञात जातींपैकी निम्म्यापर्यंत बाजारात आहेत. थायलंडमधला एक झगझगीत निळा कोळी ‘इलेक्ट्रिक ब्लू’ या नावाने विकला जात होता आणि त्याचं शास्त्रीय वर्णन झालेलंच नव्हतं. तो रानात नेमका कुठे राहतो याची नोंदही नव्हती. 2023 साली थाई संशोधकांनी त्याला खारफुटीत आणि रानात जाऊन शोधलं आणि कायलोब्रेकिस नॅटॅनिकॅरम हे नाव दिलं. मलेशियाच्या सारावाकमधल्या अशाच एका निळ्या कोळ्याचं वर्णन 2019 साली छापलं गेलं, तेव्हा नमुने परवानगीशिवाय देशाबाहेर गेल्याचा वाद उठला. ‘अमुक प्रजाती, जात अज्ञात’ असं लेबल मला बेइमान वाटत नाही, उलट ते सगळ्यात इमानी असू शकतं. पण त्यापुढे जागेचा रकाना कोरा असेल, तर तो कोरेपणा काहीतरी लपवतो आहे असं धरून चालावं.

आपल्याकडे आता कायद्यानेही नाव महत्त्वाचं केलं आहे. 2019 साली जिनिव्हाच्या परिषदेत संपूर्ण पीसिलोथेरिया प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात सायटिसच्या यादीसाठी स्वतंत्र अनुसूची आली, आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी अशा जिवंत परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. अर्जात शास्त्रीय नाव भरावं लागतं. ज्याने चुकीचं नाव विकत घेतलं, तो चुकीचं नाव सरकारदरबारी नोंदवतो आणि ते खरं ठरतं. त्यात 2020 साली ब्रॅकिपेल्मातल्या काही जाती ट्लिल्टोकॅट्ल नावाच्या नव्या प्रजातीत गेल्या, म्हणजे एकच प्राणी दोन याद्यांत दोन नावांनी सापडू शकतो. अर्जात ‘ओळखीचा आधार’ असा एक रकाना असावा, असं मला ठामपणे वाटतं: विक्रेत्याच्या सांगण्यावरून, फोटोवरून, कातीवरून की तज्ज्ञाने नमुना पाहून. सांगोवांगीला सांगोवांगी म्हणायची सोय सरकारने द्यावी. ती नसेल तर माणूस खात्रीच्या सुरात अंदाज लिहितो.

आता धर्मापुरीतल्या त्या ओसरीवर परत जायला हवं, कारण आपल्या मातीतल्या कोळ्यांचा प्रश्न आयात केलेल्या कोळ्यांहून वेगळा आहे. 2021 च्या एका जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की टॅरंटुलांचं मूळ गोंडवनात आहे आणि आशियातले टॅरंटुला भारताच्या भूखंडावर बसून उत्तरेला आले, इथून पुढे पसरले, तेही एकदा नव्हे तर दोनदा. म्हणजे आशियाच्या टॅरंटुलांचा इतिहास वाचायचा तर भारताचं पान लागतंच. सह्याद्रीच्या पानावर बरंच लिहिलं गेलं आहे. मुंबईच्या आरे वसाहतीसारख्या ठिकाणी, शहराच्या कुशीत, झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांच्यासारख्यांनी नव्या जाती शोधून काढल्या. हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस या टॅरंटुलाच्या नावातच आरे आहे. मराठवाड्याच्या पानावर त्या मानाने फार थोडं लिहिलं आहे. अशा ठिकाणी गटावरून आलेलं एक चुकीचं नाव जास्त नुकसान करतं, कारण ते खोडायला शेजारी दुसरी नोंदच नसते.

म्हणून इथला कोळी डबीत घालू नये, हे माझं स्पष्ट मत. त्याला जिथे आहे तिथे राहू द्यावं, घरात आला असेल तर टोपल्याखाली धरून, खाली पुठ्ठा सरकवून, जवळच्या बांधावर सोडावं. त्याआधी वरून एक फोटो, काचेच्या बरणीतून खालून एक, शेजारी मापासाठी नाणं, आणि तारीख, वेळ, पाऊस किती झाला होता एवढं लिहून ठेवावं. मेलेला सापडला तर फेकू नये. सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि चिठ्ठी बाटलीवर चिकटवण्याऐवजी आत टाकावी, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेरची चिठ्ठी गळून पडते, पेन्सिल राहते. अशी बाटली पुण्याच्या आकुर्डीतल्या प्राणिसर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा मुंबईला बीएनएचएसच्या संग्रहात गेली, तर तिला नाव मिळेल. उशिरा मिळेल, पण कशावरून मिळालं ते दाखवता येईल असं.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. मी गावाचं नाव आधी लिहा म्हणतो आहे, आणि नेमकं गावच पकडणाऱ्यांना हवं असतं. मेटॅलिकाचं जंगल कळल्यावर काही वर्षांतच तो युरोप-अमेरिकेच्या बाजारात आला. आज कित्येक संशोधक नव्या जातीचं वर्णन छापताना जागेचा तपशील मुद्दाम धूसर ठेवतात, आणि मला ते योग्य वाटतं. पण धूसर ठेवणं आणि न नोंदणं यात अंतर आहे. धर्मापुरीचा कोळी फोटोखाली ‘जिल्हा बीड’ एवढ्याच पत्त्याने जगाला दिसावा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी नकाशावरची खूण झाकून ठेवायची सोय आहे, ती वापरावी. कोणत्या बांधावर, कोणत्या उताराला, बिळाचं तोंड किती रुंद आणि कोणत्या दिशेला, हे सगळं मात्र नमुन्याच्या चिठ्ठीवर आणि संग्रहालयाच्या नोंदवहीत पूर्ण असावं. ती वही पाहायची तर अर्ज करावा लागतो, नाव सांगावं लागतं, कारण द्यावं लागतं. अभ्यासक ते करतो. खरेदीदाराला ते परवडत नाही.